गाडी किती देते

आमच्या घरात मी संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की चहाच्या आधी प्रश्न येतो, "किती दिला आज?" दिला म्हणजे एव्हरेज. आमच्याकडे गाडीचे ब्रेक लागतात का, तिचे दरवाजे नीट बसतात का, हे कोणी विचारत नाही. गाडी किती देते एवढंच विचारतात, जशी काही ती दावणीची म्हैस आहे. आणि उत्तर देणारा प्रत्येक जण बिनदिक्कत खोटं बोलतो. लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, डॉक्टरच्या बाकड्यावर, कुठंही विचारा, सगळ्यांच्या गाड्या वीस नाहीतर बावीस देतात. आमची तेवढी सोळा द्यायची, आणि मी तेवढी खरं सांगायची. तिथंच सगळा घोळ झाला.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. वाटूरच्या आसपासची गावं माझ्याकडे आहेत. संशय घेणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. हजेरीत पोरं भरपूर असतात आणि चटईवर मोजकी दिसतात. खिचडी आज खरंच शिजली का, हे पातेल्याला हात लावून बघावं लागतं. पोराला वजनकाट्यावर ठेवायच्या आधी मी स्वतः त्यावर उभी राहते, कारण माझं वजन मला माहीत आहे आणि काट्यावर माझा विश्वास नाही. दिवसभर हे केल्यावर घरी येऊन एकदम भोळं होता येत नाही.

नवरा नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसचं काम बघतो. तो मोटारसायकलवर जातो आणि त्याचा सगळा जीव माझ्या गाडीच्या पेट्रोलवर असतो. मी टाकी फुल केली की तो खाली येऊन मीटरचा फोटो काढतो. त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो कमी आणि मीटरचे जास्त आहेत. उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी त्यानं फोटोंकडे बघत जाहीर केलं, "अठराच्या खाली देत असंल तर विकून टाकू. एवढं पेट्रोल जाळण्यापेक्षा जीपनं अप-डाऊन कर. सगळ्या बाया करून राह्यल्या."

सगळ्या बाया जीपनं जातात हे खरं. पण जीप वाटूर फाट्यापर्यंत जाते. माझी गावं फाट्यापासून आत आहेत, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. गाडी येण्याआधीची वर्षं मी फाट्यावर कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघत काढली आहेत. कोण नेईल, कसा नेईल, वाटेत काय बोलेल, हे सगळं जोखत उभं राहायचं. आणि ज्या गावात तपासणीला जायचं तिथल्याच माणसाच्या गाडीवर बसून गेलं की मी पोचायच्या आधी खिचडी शिजलेली असायची. गाडी गेली असती तर मी परत त्या फाट्यावर उभी राहिले असते. हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बघू, आधी एव्हरेज वाढव."

मग मी वाढवायच्या मागं लागले. डिकीतली जुनी वजनं, पोषण आहाराचे फलक, सासूबाईंच्या वेळची सतरंजी, सगळं खाली काढलं. टायरमध्ये दर सोमवारी हवा बघायला लागले. एसी बंद केला. मंठा रोडला दुपारी काय ऊन असतं हे तिकडून जाणाऱ्यालाच कळेल. खिडक्या उघड्या टाकून मी तोंडावर ओढणी गुंडाळून गाडी चालवायचे. दाबून गिअर टाकणं सोडलं, गतिरोधक लांबून दिसला की पाय हलका करायला शिकले. उतारावर गाडी न्यूट्रल करावी असं ऑफिसातल्या एका साहेबांनी सुचवलं. ते मी एकदाच केलं. पुढच्या ट्रॅक्टरनं ब्रेक मारला आणि मला उरलेली नोकरी आठवली, तेव्हापासून साहेबांच्या सल्ल्यापासून लांब राहते.

पंपाचाही संशय घेऊन झाला. पेट्रोल टाकणारा माणूस बराबर झिरो यायच्या वेळेलाच का बोलतो? "मॅडम, हवा चेक करायची का? मॅडम, कार्ड का कॅश?" आपण त्याच्याकडे बघतो तेवढ्यात मीटर पळायला लागलेला असतो. मी खाली उतरून मशीनच्या अगदी समोर उभी राहायला लागले आणि तो काहीही बोलला तरी उत्तर देईना. त्यानं मला बहिरी समजून हातवारे केले. मी पंप बदलला. नव्या पंपावरचा माणूस काहीच बोलत नव्हता, त्याचा तर मला जास्तच संशय आला. आता पेट्रोलमध्येच काहीतरी मिसळतात, इथेनॉल का काय, म्हणून सगळ्यांच्याच गाड्या कमी देतात असं लोक म्हणायचे. पण तेच लोक आपली गाडी बावीस देते म्हणायचे, तेव्हा ऐकायचं तरी कुणाचं?

एवढं करून पहिल्या वेळी सोळाच आला. नवरा फोटो बघून "हं" म्हणाला. त्या रविवारी एक अनोळखी माणूस मस्तगडच्या आमच्या गल्लीत आला आणि माझ्या गाडीभोवती फिरायला लागला. वाकून टायर बघितले, बोनेटवर बोटांनी टकटक केलं. मी गॅलरीतून कपडे वाळत घालताना बघत होते. नवरा खाली जाऊन त्याच्याशी हसून बोलला. वर आल्यावर मी विचारलं, "कोण होते?"

"ऑफिसातल्याचे पाव्हणे. असंच."

असंच कुणी कुणाचे टायर बघत नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की अठराची अट नुसती दाखवायला आहे, गिऱ्हाईक आधीच ठरलंय. मला संताप आला. पण मी बोलले नाही, कारण पुरावा नव्हता. घरात मी फारसं बोलतच नाही. स्वयंपाक करते, ऐकते आणि मनात नोंद ठेवते.

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते वाटूरच्या अलीकडच्या आमच्या गावातून जालन्याला राहायला आले, म्हणजे फक्त झोपायला आले. सकाळी माझ्याबरोबर गाडीत बसतात, गावच्या रस्त्याला उतरतात, दिवसभर शेतात आणि गाईपाशी राहतात आणि संध्याकाळी त्याच वळणावर बाभळीखाली माझी वाट बघतात. बसले की सीट मागं सरकवतात, वायरची पिशवी दोन्ही पायांमध्ये ठेवतात आणि घर येईपर्यंत "हां", "मंग" आणि "असं व्हय" एवढंच बोलतात. रोज सकाळी माझ्या आधी खाली जाऊन गाडी पुसायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. त्यासाठी खुंटीवरची किल्ली त्यांच्याकडे असते.

माझी सगळी खटपट सुरू होऊन महिना होत आला आणि एकदम एव्हरेज वाढला. सोळावरून सतरा, मग एकदम वीस. मी खूश झाले. हवा, गिअर, ओढणी गुंडाळून खाल्लेलं ऊन, सगळं कामी आलं असं वाटलं. नवरा मात्र खूश झाला नाही. त्यानं मोबाइलवर दोनदा हिशेब केला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"वीस? तू मधीच कुठं पदरचं भरून राह्यली का?"

"मी काय पेट्रोल चोरून भरीन?"

"चोरून न्हाई म्हणलो. गुपचूप म्हणलो."

मी भाकरी इतकी जोरात थापली की ती फाटली. या माणसाला कमी आला तरी संशय आणि जास्त आला तरी संशय. आपण दोघं एकमेकांना शोभतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि ते काही बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मामांच्या उपरण्याला पेट्रोलचा वास आला. संध्याकाळी बाभळीखालून ते गाडीत बसले, त्यांनी घाम पुसला आणि वास माझ्यापर्यंत आला. मी काच खाली केली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर गाडी पुसून झाली होती आणि मामा गडबडीनं पिशवीत काहीतरी कोंबत होते. हिरव्या नळीचं टोक बाहेर राहिलं होतं. पाण्याच्या पाइपाची असते तशी, हातभर. खाली एका डब्याचा लाल कोपरा दिसला.

झालं. नळी आणि डबा एकाच पिशवीत असले की त्याचा अर्थ सांगायला कुणाची गरज लागत नाही. मामांच्या शेतात फवारणीचा पेट्रोलवरचा पंप आहे. म्हणजे हे माझ्या टाकीतून पेट्रोल ओढून शेतात नेतात, आणि इथं मी उन्हात भाजून थेंब थेंब वाचवतेय. मला इतका राग आला की त्या दिवशी गावच्या रस्त्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मामांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. उतरताना म्हणाले, "बरं न्हाई का?" मी म्हणाले, "बरं आहे."

त्या रात्रीपासून मी किल्ली खुंटीवर ठेवणं बंद केलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवली. टाकीचं झाकणही त्याच किल्लीनं उघडतं. मामा सकाळी खुंटीकडे गेले, थोडा वेळ तिथं उभे राहिले आणि काही न विचारता फडकं घेऊन खाली गेले. गाडी बाहेरूनच पुसली. मी मनात म्हटलं, आता बघू. चोरी थांबली की एव्हरेज पंचवीसला जाईल आणि नवऱ्याचं तोंड कायमचं बंद होईल.

पुढची टाकी भरली तेव्हा सोळा आला.

मी पंपावरच उभी राहून मोबाइलवर परत भागाकार केला. सोळाच. म्हणजे चोराला कोंडल्यावर पेट्रोल कमी जायचं सोडून जास्त गेलं. माझं डोकं चालेना. अंगणवाडीत धान्य कमी पडतं तेव्हा मला कारण माहीत असतं, पण धान्य आपोआप वाढलंय अशी तक्रार माझ्याकडे कधी आली नव्हती. मी पंपाचा, नवऱ्याच्या मोबाइलचा, गाडीच्या मीटरचा सगळ्यांचा परत एकदा संशय घेऊन बघितला. कुठंतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की.

त्यात गाडी सकाळी सुरू होताना अडखळायला लागली. ती मागून थोडा निळसर धूर टाकायची हे मी आधी दोन-तीनदा बघितलं होतं आणि इंजिन जुनं झालं म्हणून गप्प बसले होते. आता मात्र नवऱ्याला सांगून मेकॅनिककडे नेली. त्यानं प्लग काढून दाखवला. काळाकुट्ट, चिकट.

"मॅडम, इंजन तेल खाऊन राह्यलं. खोलावं लागंल. खर्चा बराच आहे."

हे ऐकलं असतं तर नवऱ्यानं गाडी दुसऱ्याच दिवशी विकली असती. शिवाय ज्या मेकॅनिकच्या दुकानात दुसरं एकही गिऱ्हाईक नाही तो इंजिन खोलायलाच बसलेला असणार. मी म्हणाले, "प्लग द्या इकडं." त्यानं हसत दिला. मी नाकाला लावला.

तो वास मला लहानपणापासून माहीत आहे. माझं माहेरही शेतीचं. कपाशीवर फवारणी सुरू असली की सगळ्या शिवारात औषधाबरोबर हा वास भरून राहतो, पेट्रोलमध्ये तेल मिसळून जाळल्याचा. फवारणीच्या पंपाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. गाडीला ते मिसळायचं नसतं. माझ्या गाडीच्या पोटात फवारणीच्या पंपाचं पेट्रोल होतं. आणि शेतात तर उन्हाळ्यामुळं फवारायला काहीच नव्हतं, नुसती ढेकळं होती.

मी मेकॅनिकला म्हणाले, "इंजिन राहू द्या. प्लग साफ करून बसवा." तो म्हणाला, परत यालच. मी म्हणाले, बघू.

संध्याकाळी बाभळीखाली मामा उभे होते. बसले, सीट मागं केली, पिशवी पायांत घेतली. मी गाडी सुरू केली नाही.

"मामा, फवारणीच्या पंपाचं पेट्रोल कुठं जातंय?"

त्यांनी पिशवी पायांत आणखी आत सारली. "गाडीत वतलं," ते म्हणाले. "वतून राह्यल्तो. किल्ली होती तोवर."

"तेल घातलेलं?"

"मंग? कोरडं कसं वतावं. पंपाला टाकतो तसंच टाकलं. गाडी मोठी म्हणून तेल जरा जास्तीच टाकलं, झिजू न्हाई म्हणून."

"आणि ती नळी?"

"डब्याचं तोंड टाकीत जात न्हाई. नळीनं बराबर जातं, सांडत न्हाई."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इंजिन झिजू नये म्हणून या माणसानं प्लगवर काजळी चढवली होती. ओढायची नळी म्हणून मी जिच्यावरून त्यांना चोर ठरवलं होतं, ती ओतायची होती.

"पण का, मामा? तुम्हाला काय पडलंय गाडी किती देते त्याचं?"

"तो म्हणला ना, अठराच्या खाली आली का इकायची. मी तिथंच बसेल होतो. मला ऐकू येत न्हाई असं वाटतं तुम्हाला." मग पिशवीचे बंद एकमेकांत अडकवत म्हणाले, "तो टायर बघून गेला तो फिरून आला न्हाई, बघितलं का? मी गेल्तो त्याच्या मागं चौकापर्यंत. म्हणलो, इंजन खोललेलं आहे, फसू नको."

म्हणजे नवऱ्यावरचा माझा संशय खरा होता. इतरांवरचे सगळे खोटे निघाले, पण तो एक खरा. एरवी मला त्याचा केवढा आनंद झाला असता.

"मी जीपनं गेले असते तर तुम्ही एसटीनं आला असता. तुम्हाला काय फरक पडला असता?"

मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

"घरात मला कोण काय सांगतं?" ते म्हणाले. "तो मोबाइलमधी राहतो. तू चुलीपाशी, तोंड मिटून. तुझी सासू होती तोवर ती बोलायची. गाडीत बसली का तू सुरू होती. कोणती बाई खिचडीत पाणी घालून राह्यली, कोणत्या सायबानं काय म्हणलं, ट्रकवाल्याला शिव्या. मला समदं ठावं राहतं. गाडी गेली तर तू जीपमधी, मी एसटीत. मंग?"

किल्ली पर्समध्ये टाकल्यापासून मी गाडीत तोंड उघडलं नव्हतं आणि ते रोज उतरताना "बरं न्हाई का" असं विचारत होते, हे मला तेव्हा आठवलं. मी गाडी सुरू केली.

घरी नवरा वाट बघतच होता. "मेकॅनिक काय म्हणला? किती दिला?"

"सोळा. पुढंही सोळाच देईल."

"मधी वीस आल्ता की."

"आला होता. आता येणार नाही."

"असं कसं? काहीतरी कारण असंल न."

"आहे. सांगणार नाही." मी पाणी प्यायले. "आणि गाडी विकायची नाही. ती माझ्या नावावर आहे, तिचे हप्ते मी फेडलेत, तिच्यात बसून मी नोकरीला जाते. तुमच्या त्या टायरवाल्या पाहुण्यांनाही सांगा."

टायरचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा पडला. तो माझ्याकडे, मग खुर्चीत बसलेल्या मामांकडे, परत माझ्याकडे बघायला लागला. मामांनी डोळे मिटून घेतले होते. "तुमच्या दोघांचं काहीतरी शिजून राह्यलं," तो म्हणाला. मीटरचे फोटो तो अजून काढतो. पण आता त्यात मामा आणि मी कुठं सापडतो ते शोधत असतो, आणि आम्ही त्याला काही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली खुंटीवर ठेवली. संध्याकाळी मामा बाभळीखालून आले तेव्हा मी त्यांची पिशवी उघडून बघितली, कारण सवय जात नाही. "बघ, नीट बघ," ते म्हणाले. आत कैऱ्या होत्या आणि तळाशी नळी नव्हती. ते बसले, सीट मागं केली. मी निघाले, आणि मला काही बोलताच येईना. आपलं बोलणं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकतं हे कळल्यावर काय बोलावं हेच सुचत नाही. रस्ता सरत होता. मामा मधूनच माझ्याकडे बघत होते.

मग पुढं एक ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, मागं लाल दिवा नाही, लोखंडी सळया बाहेर आलेल्या आणि रस्त्याच्या अगदी मधोमध. मी ब्रेक दाबला, आणि तोंडातून जे निघालं ते निघालं. त्याच्या बापापर्यंत गेले. मग ट्रॅक्टरला दिवे नसताना पासिंग कोण करतं तिथपर्यंत आले, तिथून त्या दिवशी ज्या अंगणवाडीला कुलूप दिसलं होतं तिच्यावर, आणि तिथून साहेबांवर.

"असं व्हय," मामा म्हणाले आणि त्यांनी पिशवी मागच्या सीटवर ठेवून पाय लांब केले. "मंग?"